बुलूग आणि रुश्द यांच्या मधली वर्षे

आमच्या घरांत मुलांची वये दोनच असतात. एक 'बच्चा' आणि दुसरे 'बालिग'. काल अंगणात लंगडी खेळणारी पोर आज बालिग झाली, की तिच्या अंगावर ओढणी येते, आवाज खाली येतो, दारात उभे राहणे बंद होते. मुलाला मिसरूड फुटले, की त्याला 'मर्द' म्हणायला सुरुवात होते आणि चुलत्याच्या गॅरेजमध्ये त्याच्यासाठी पाना शोधला जातो. शेजारच्या मराठी घरांतही फार वेगळे नसते. तिथे मुलगी 'वयात येते' आणि मुलगा 'कमावता होतो'. बच्चा आणि बालिग यांच्या मध्ये सात-आठ वर्षांचा एक लांब पूल आहे, आणि त्या पुलाला आपल्या बोलण्यात नावच नाही. पुस्तकात त्याला पौगंडावस्था म्हणतात. उर्दूच्या पुस्तकात 'नौबलूगत' हा शब्द भेटतो. पण हे दोन्ही शब्द मी आजवर कुणा आईच्या तोंडून ऐकलेले नाहीत.

मी मुळशी तालुक्यात राहते आणि पुण्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना शिकवते. सकाळी पौड रस्त्याने बसने जायचे आणि दुपारी परत यायचे, असा माझा गेल्या अकरा वर्षांचा क्रम आहे. माझी मुले घरी दखनी बोलतात, वर्गात उर्दू लिहितात आणि बसच्या कंडक्टरशी अस्सल मुळशीच्या मराठीत भांडतात. तिन्ही भाषांत ती हुशार आहेत. पण स्वतःच्या मनात काय चालले आहे ते सांगायची वेळ आली, की तिन्ही भाषा त्यांना सोडून जातात.

बी.एड.ला असताना आम्ही मानसशास्त्राचा पेपर पाठ करून दिला. अमेरिकेतील स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ साली 'अ‍ॅडोलसन्स' हा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि या वयाला वादळाचे वय ठरवले. पियाजे यांनी सांगितले की अकरा-बारा वर्षांपुढे मूल डोळ्यांसमोर नसलेल्या गोष्टींचाही विचार करू लागते. 'असे असते तर?' हा प्रश्न त्याला पडू लागतो. एरिक एरिक्सन यांनी या वयाचे मुख्य काम एका प्रश्नात बसवले. तो प्रश्न म्हणजे 'मी कोण?' परीक्षेत याला पाच-पाच गुण होते. ते खरे कळले वर्गात उभे राहिल्यावर.

सहावीतला मुलगा विचारतो, "टीचर, हे पेपरला येणार का?" तोच मुलगा नववीत विचारतो, "टीचर, सगळ्यांना सारखेच मार्क मिळाले असते तर कुणी अभ्यास केला असता का?" पहिला प्रश्न सोयीचा आणि दुसरा अडचणीचा असतो. घरी असा प्रश्न विचारला की उत्तर मिळते, "जबान चलाता है?" वास्तविक ही जबान चालत नसते, अक्कल चालायला शिकत असते. लहान मूल पहिली पावले टाकताना पडते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. अक्कल पहिली पावले टाकते तेव्हा मात्र आपण हात उगारतो.

दुसरी गोष्ट नजरेची. एक मुलगी अचानक फळ्यापाशी यायला नकार देऊ लागली. गणित तिला उत्तम यायचे. पुष्कळ विचारल्यावर कळले, की तिच्या सलवारीला गुडघ्याखाली रफू होते आणि 'सगळा वर्ग तेच बघतो' अशी तिची खात्री होती. वर्गात त्या दिवशी बावन्न मुली होत्या. त्यांतली प्रत्येक जण आपल्यालाच सगळे बघतात या काळजीत असल्याने दुसरीच्या सलवारीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. डेव्हिड एल्किंड या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली याला काल्पनिक प्रेक्षकवर्ग असे नाव दिले. या वयात मूल सतत रंगमंचावर उभे असते आणि समोरच्या खुर्च्या भरलेल्या आहेत असे त्याला वाटते. म्हणून चारचौघांत केलेला अपमान त्याला दहापट लागतो. शंभर मुलांच्या परिपाठात एखाद्याचे फीचे नाव वाचून दाखवणाऱ्यांनी एवढे एकच लक्षात ठेवले तरी पुष्कळ आहे.

गेल्या काही दशकांत एमआरआय यंत्रामुळे मेंदूच्या आतले पाहता येऊ लागले. जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच मुलांच्या मेंदूची चित्रे वर्षानुवर्षे घेतली आणि १९९९ साली निष्कर्ष मांडला, की मेंदूची घडण बालपणी संपत नाही. कुमारवयात ती नव्याने जोर धरते. वापरातले धागे पक्के होतात आणि बिनवापराचे छाटले जातात. भावना, उत्साह, बक्षिसाची ओढ यांचा भाग लवकर पेटतो. कपाळामागचा भाग, म्हणजे थांबणे, तोलणे, पुढचे पाहणे ही कामे करणारा, पक्का व्हायला विशीचा मध्य उजाडतो. थोडक्यात, गाडीचे इंजिन आधी बसते आणि ब्रेक मागाहून येतात.

हे वाचले तेव्हा मला लहानपणी मकतबात ऐकलेले दोन शब्द आठवले. बुलूग आणि रुश्द. बुलूग म्हणजे शरीराने वयात येणे. रुश्द म्हणजे भले-बुरे कळण्याची, व्यवहार सांभाळण्याची समज. सूरह निसाच्या सुरुवातीला यतीम मुलांच्या मालमत्तेचा विषय आहे. तिथे पालकाला सांगितले आहे, की मुले लग्नाच्या वयाला पोहोचेपर्यंत त्यांना पारखत राहा आणि त्यांच्यात समज आलेली दिसली तर त्यांचा माल त्यांच्या हवाली करा. म्हणजे अटी दोन आहेत. वय आणि समज. पहिली पुरी झाली म्हणजे दुसरी आपोआप पुरी होत नाही, हे तिथे गृहीतच धरलेले आहे. आणि मधल्या काळात पालकाने काय करायचे, तर पारखत राहायचे. त्याने मुलाजवळ असायचे आहे. इमाम अबू हनीफा यांनी तर समज न आलेल्या तरुणाचा माल पंचवीस वर्षे वयापर्यंत रोखता येतो असे मत दिले. मराठीतही 'गद्धेपंचविशी' हा शब्द कुणी प्रयोगशाळेत बसून काढलेला नाही.

धर्मग्रंथात आजचे विज्ञान शोधण्याची मला हौस नाही. ती खटपट दोघांवरही अन्याय करते. मला एवढेच म्हणायचे आहे, की शरीराचे वय आणि समजेचे वय वेगळे असते ही गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होती. आपण मात्र बुलूग तेवढे लक्षात ठेवले आणि रुश्द विसरून गेलो.

हे विसरण्याची किंमत कोण देते, ते पाहू.

पिरंगुटच्या कारखान्यांत फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी माझ्याच बसने शाळेत यायची. विज्ञानात फार चांगली. आठवीच्या निकालानंतर वडील शाळेत आले. म्हणाले, "टीचर, लडकी अब बडी हो गई. बस का आना-जाना ठीक नहीं लगता. लोग बोलते हैं."

मी म्हटले, "भाईजान, ती माझ्याबरोबर येते, माझ्याबरोबर जाते."

"आप हैं इसलिए तो इतने दिन भेजा. अब बालिग हो गई."

या गृहस्थांचे भाऊ वारले आहेत आणि भावाच्या मुलाची थोडी जमीन यांच्याकडे सांभाळायला आहे, हे मला माहीत होते. मी विचारले, "तुमचा पुतण्या आता पंधराचा झाला ना? त्याची जमीन त्याच्या नावे मोकळी करणार का?"

ते दचकले. "कैसे करूंगा? दो दिन में बेच के मोबाइल लेगा. अभी अक्कल कहां है?"

"म्हणजे जमीन सांभाळायची अक्कल पंधराव्या वर्षी मुलाला येत नाही. आणि घर सांभाळायची अक्कल चौदाव्या वर्षी मुलीला येते?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चहाही घेतला नाही. मनाने वाईट मुळीच नव्हते. पुतण्याची एक गुंठा जमीन इकडची तिकडे होऊ न देणारा माणूस होता. मुलीच्या बाबतीत तीच अमानत, तीच राखण त्यांना सुचली नव्हती, कारण ती कुणी सुचवलीच नव्हती. दोन दिवसांनी निरोप आला, की लग्नाचे बोलणे तूर्त थांबवले आहे, पण मुलगी घरीच राहील. पुढे वेळ येईल तेव्हा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसेल.

तिने तसे केले आणि ती उत्तीर्ण झाली. बोर्डाची ही सतरा नंबरच्या फॉर्मची सोय फार मोलाची आहे. तिच्यामुळे कितीतरी मुलींच्या हाती गुणपत्रिका पडली. पण गुणपत्रिकेत जे येत नाही ते तिला मिळाले नाही. मैत्रिणींशी अबोला धरणे, पुन्हा बोलणे, प्रयोगशाळेत परीक्षानळी फोडणे, सहलीचे पैसे गोळा करून हिशोब देणे, वर्गप्रमुखाच्या निवडणुकीत दोन मतांनी हरणे, हे सगळे रुश्दचे धडे आहेत आणि ते समवयस्कांमध्येच गिरवावे लागतात. बंद दाराआड अभ्यास होऊ शकतो. समज एकटीने वाढत नाही. दोन वर्षांनी ती मला भेटली तेव्हा तिने दहावीच्या निकालाबद्दल काही सांगितले नाही. विचारले ते हे : "टीचर, अपने क्लास की लडकियां मेरे को याद करती हैं क्या?"

हा केवळ आमच्या जमातीचा प्रश्न आहे असे कुणी समजू नये. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे बावीस टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा २००६ चा आहे. कायदा असून शंभरात बावीस हे प्रमाण सगळ्या धर्मांच्या, सगळ्या जातींच्या घरांनी मिळून केलेले आहे.

सरकारचाही हात नेमका याच वयात सुटतो. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. चौदा पूर्ण झाले, आठवी संपली, की शाळेत ठेवण्याची सक्तीही संपली आणि मोफत शिक्षणाची हमीही संपली. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिने चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांतून वगळले, बाकीची कामे मोकळी ठेवली. म्हणजे मेंदूचे मोठे बांधकाम ऐन भरात असताना कायदा म्हणतो, आता तुमचे तुम्ही बघा.

मुलांची गोष्ट वेगळी दिसते, पण मूळ तेच आहे. आमच्या मुळशीत जमिनीचा इतिहास जुना आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो टाटांच्या धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडीला आयटी पार्क उभे राहू लागले आणि आजूबाजूच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. वडिलांनी जमीन विकली, घरात एकदम पैसा आला, आणि सोळा वर्षांच्या पोराच्या हाती बुलेटची किल्ली आली. पैसा संपला तेव्हा शेतीही नव्हती आणि शिक्षणही नव्हते. उरले ते मित्र आणि 'भाई'. प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट २०१८ साली आला, तो याच दुखण्यावर. आमच्या तालुक्याचे नाव त्यामुळे गुन्हेगारीला चिकटले याचे मला वाईट वाटते. पण रुश्द येण्याआधी माल हवाली केला तर काय होते, याचा तो धडा आहे हे नाकारता येत नाही.

मित्रांच्या संगतीत या वयातला मुलगा वेगळाच का वागतो, याचाही अभ्यास झालेला आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. कुमारवयीन मुले एकटी असताना जेवढा धोका पत्करत, त्याच्या सुमारे दुप्पट धोका मित्र शेजारी असताना पत्करू लागली. मोठ्या माणसांत मात्र मित्र असण्या-नसण्याने फरक पडला नाही. म्हणजे मुलगा मूर्ख नसतो. एकटा असताना त्याला धोका चांगला कळतो. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात मोबाइल समोर धरून ट्रिपल सीट जाणारी पोरे बघितली, की मला हा प्रयोग आठवतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मोटार सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती होती असे पोलिसांनी सांगितले. त्याला जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून देशभर संताप उसळला. संताप रास्तच होता. पण निबंधाची चर्चा जेवढी झाली तेवढी किल्लीची झाली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेली दुरुस्ती सांगते, की अल्पवयीनाने असा गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, आणि त्या मुलाला वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत परवाना नाही. पुन्हा तोच आकडा, पंचवीस.

मग करायचे काय? मुलीला घरात कोंडणे आणि मुलाला मोकाट सोडणे हे दोन्ही हात झटकण्याचेच प्रकार आहेत. दोन्हींत मोठ्या माणसाला सोबत राहावे लागत नाही. पारखत राहणे हे यापेक्षा कष्टाचे काम आहे. थोडे थोडे हवाली करायचे आणि बघायचे. आठवड्याचा किराणा मुलाच्या हाती द्यावा आणि हिशोब मागावा. मुलीला बँकेत पैसे भरायला पाठवावे. चुकले तर चारचौघांत बोलू नये, एकटे असताना विचारावे. प्रश्न विचारला तर उत्तर द्यावे, आणि उत्तर येत नसेल तर आपण मिळून शोधू म्हणावे.

झोपेची गोष्ट तर फारच सोपी आहे आणि तीही आपण करत नाही. कुमारवयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते. झोप उशिरा येते आणि आठ ते दहा तासांची गरज तेवढीच राहते. आपण त्याला आळस म्हणतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी नको असे सांगितले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला, की शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये, पण तो पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. चांगलेच झाले. मात्र ज्यांच्या शरीराला त्याची सर्वांत जास्त गरज आहे ती नववी-दहावीची मुले आमच्या सकाळच्या सत्रात सात वाजता बाकावर असतात. मुळशीहून येणारी तर साडेपाचला बसथांब्यावर. पहिल्या तासाला जांभई देणाऱ्याला मी उभे करत नाही. खिडकी उघडते.

माझ्या वर्गात एक पत्र्याची पेटी आहे. बिस्किटांची जुनी पेटी, झाकणाला चीर पाडलेली. ज्याला जे विचारायचे ते नाव न लिहिता चिठ्ठीवर लिहून टाकायचे, कुठल्याही भाषेत. शनिवारी शेवटच्या तासाला मी चिठ्ठ्या वाचते आणि मला येतील ती उत्तरे देते. शरीराविषयीच्या प्रश्नांसाठी जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर वर्षातून दोनदा येतात. किशोरवयीनांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे, पण किती आईबापांना त्याची खबर आहे? मन फारच खचलेल्या मुलासाठी १४४१६ हा 'टेलि-मानस'चा मोफत क्रमांक २०२२ पासून आहे. तो मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे आणि रोज फळा पुसताना तो कोपरा वगळते.

पेटीतल्या चिठ्ठ्या निम्म्या उर्दूत असतात, काही मराठीत, काही दखनीत पण मराठी अक्षरांत. पाळीत रोजा का सुटतो, दाढी उशिरा येते म्हणजे आजार आहे का, अब्बा माझ्याशी पहिल्यासारखे का बोलत नाहीत, मित्राने सिगारेट दिली तर नाही कसे म्हणायचे, मी मराठी कवितेला टाळ्या वाजवल्या म्हणून मला गल्लीत चिडवतात तर मी नेमका कोण. एरिक्सनच्या पुस्तकातला प्रश्न असा माझ्या पत्र्याच्या पेटीत, वहीच्या फाडलेल्या कागदावर येऊन पडतो. त्या मुलाला मी सांगितले, की तू उर्दू शाळेतला, मुळशीचा आणि मराठी कविता आवडणारा, असा तिन्ही मिळून एक आहेस. यातले काही सोडायला कुणी सांगितले तर घाई करू नकोस.

आईबापांना माझी विनंती एवढीच. मूल बालिग झाले म्हणून आपले काम संपले असे समजू नका. तिथून ते सुरू होते. यतीमाच्या मालाची एवढी काळजी घ्यायला ज्यांना शिकवले गेले, त्यांनी आपल्या जित्या-जागत्या मुलांना त्याहून कमी जपू नये. नववीचे प्रवेश जूनमध्ये होतात. तुमच्या गल्लीत आठवी झालेली एखादी मुलगी घरी बसलेली असेल, तर तिच्या वडिलांशी एकदा बोलून बघा. ते बहुधा वाईट गृहस्थ नसतील.